चौदा नंबरचा शिक्का

सोळा जून, सोमवार. काम : शमीमचा लॉकर रिकामा करणे. ऑफिसातून सांगणं आलं होतं की तो लॉकर नव्या मुलीला द्यायचा आहे, आतलं सामान घरच्यांकडे पोचवावं. शमीमला जाऊन सहा आठवडे झाले होते. लाइनची इन्चार्ज मी, तेव्हा हे काम माझ्याकडेच येणार होतं. किल्ली घेतली, कापडी पिशवी घेतली, दहा मिनिटांत उरकेल असं धरून चालले होते. आत फार काही नव्हतंच. वजू करायची, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायची स्टीलची बाटली, नीट घडी घातलेली जानमाज, म्हणजे नमाजेला अंथरायची चटई, एक जुना स्वेटर, आणि घडीवर ठेवलेला तपासणीचा शिक्का. नंबर चौदा. त्याच्या मुठीला काळा दोरा बांधलेला. तो दोरा बघितला आणि मी तिथल्या बाकावर बसले. कामाच्या वेळात मी सहसा बसत नाही.

त्या दोऱ्याला कारण मी आहे. ते सांगायचं म्हणून हे लिहिते आहे, पण आधी शमीम कोण ते सांगायला हवं.

आमचा कारखाना चाकणला आहे. गाडीत जे वायरींचे जुडगे असतात ते आमच्याकडे बांधले जातात. मी लातूरकडची, लग्न होऊन मोशीला आले आणि पोरं शाळेत जायला लागल्यावर कंपनीत लागले. पहिल्या दिवशी ज्या टेबलावर उभं केलं, तिथं शेजारी शमीम होती. काम एकच, जुडगा बोर्डाला लावायचा, हिरवा दिवा लागला की शिक्का मारायचा. शमीम चाकणचीच, चार-पाच पिढ्यांची. मी तोंड उघडलं की ती हसायची. "मंगल, तुझी मराठी ऐकून वाटतं, तूच बाहीरची हायेस." खरंच होतं ते. गावची ती होती आणि भाड्याच्या खोलीत मी राहत होते.

मला तिच्या धर्मातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. शीरखुर्मा आणि बुरखा, एवढंच. आणि माहीत नसलं की मी विचारते, मला त्यात लाज वाटत नाही. सोळा वर्षांत मी तिला काय काय विचारलं... हातात वायरी आणि तोंडात प्रश्न. तुमचा देव दिसतो कसा, हा माझा पहिला प्रश्न. ती म्हणाली, "दिसत न्हाई. दिसल्यावर इस्वास कशाला लागतो? बघितलं की झालं." तो एकच आहे, त्याला आई-बाप नाही, लेकरू नाही, त्याच्या जोडीला दुसरं कुणी नाही, आणि मुहम्मद पैगंबर हे त्याचा निरोप आणणारे, शेवटचे. हे मनापासून मानलं आणि म्हटलं की माणूस मुसलमान, यालाच कलमा म्हणतात. पैगंबरांच्या आधीही पुष्कळ होऊन गेले, इब्राहिम, मूसा, ईसा, त्या सगळ्यांना मानायचं. मी म्हटलं, मग पैगंबरांची पूजा करत असाल. "छ्या! पूजा त्या एकाचीच. पैगंबर मानूस व्हते. म्हनून तर त्यांच्यावानी वागायला आपल्याला जमंल असं वाटतं ना. देव असते तर आपन हात जोडून मोकळं झालो असतो."

नमाज दिवसातून पाच वेळा. पहाटेची फजर, दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहरी असर, सूर्य बुडाला की मगरिब आणि रात्रीची इशा. कामावर असताना तिची फक्त जोहर यायची. जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक, आणि तिला साहेबांनी दीड वाजता वेगळी सात मिनिटं दिलेली होती. स्टोअरच्या शटरकडे तोंड केलं की मक्का, हे तिनं पहिल्याच आठवड्यात सूर्य बघून ठरवलं होतं. उभी राहायची, वाकायची, कपाळ जमिनीला टेकायची. सात मिनिटांच्या आत परत. मी म्हणायचे, एवढ्यात काय मागून होतं गं तुझं? "मागायचं नंतर. आदी हजेरी लावायची."

रमजानमध्ये महिनाभर पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी गुरुवार करते. माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे लाडू बघून ती म्हणायची, "मंगल, तू उपासाच्या दिवशी जेवतीस जास्ती." पण आजारी माणसाला, प्रवासातल्याला सूट असते, आणि बायकांना त्या चार दिवसांत रोजा नाही, नमाजही नाही. त्यातली नमाज कायमची माफ. रोजे मात्र नंतर भरून काढायचे. मी म्हटलं, हे बरंय, निम्मी सवलत. त्यावर ती इतकी हसली की बोर्डाचा दिवा लाल झाला. वर्षभर साठून राहिलेल्यातला चाळिसावा भाग गरिबाला द्यायचा, ती जकात. "दिला म्हनायचं न्हाई, त्याचंच व्हतं ते." आणि ऐपत असेल, तब्येत असेल तर जन्मात एकदा हज. ती रिटायर झाल्यावर नवऱ्याबरोबर जाणार होती.

सगळ्यात मला पटले ते दोन फरिश्ते. प्रत्येक माणसाच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक असतो, एक चांगलं लिहितो, दुसरा वाईट. आणि शेवटच्या दिवशी ते सगळं वाचलं जातं. शमीम म्हणायची, "तुमच्या कंपनीचं इन्स्पेक्शन एकदा. आमचं दोगं करत्यात, चोवीस तास. आन् त्यांना चहाची सुट्टी न्हाई."

शबे-बारात जवळ आली की, म्हणजे रमजानच्या पंधरा दिवस आधी, ती लाइनवर प्रत्येकीपुढे जायची आणि म्हणायची, "कहासुना माफ कर बाई." बोलण्याचालण्यात काही लागलं असेल तर माफ कर. मला पहिल्या वर्षी हसू आलं होतं. तिनं समजावलं. "अल्लाचं अल्ला माफ करतो. नमाज चुकली, रोजा सुटला, त्याच्याम्होरं रडायचं. पन मानसाचं मानसानंच माफ करायचं. तिथं तो मधी पडत न्हाई." एकदा लाइनवरच्या एका मुलीनं दुसरीबद्दल खोटंनाटं उठवलं, तेव्हा तिलाही शमीमनं हेच सांगितलं, वर एक जोडलं : "ज्यांच्याम्होरं बोललीस, त्यांच्याम्होरंच निस्तार." हे सगळं मी ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आता दोरा. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. महिनाअखेर होती, गाडी दारात उभी, आणि एक खोका राहिला होता. शमीम तिच्या सात मिनिटांना गेलेली. मी त्यातले वरचे दोन जुडगे तपासले, बाकीचे ठीक असणार असं धरलं आणि शिक्का मारून मोकळी झाले. माझ्या शिक्क्याची शाई वाळली होती. शेजारी शमीमचा पडला होता, तो उचलला. त्या क्षणी मनात काही पाप नव्हतं, हे खरं आहे. प्रत्येकीचा शिक्का वेगळा असतो, तो दुसरीनं वापरायचा नसतो, हे माहीत असूनही हात गेला. आठवड्यानं तो खोका परत आला. निम्मे जुडगे चुकीचे, आणि कागदावर नंबर चौदा. साहेबांनी आम्हा सगळ्यांना टेबलापाशी उभं केलं. शमीम म्हणाली, "साहेब, ह्यो मी न्हाई मारला." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "ती त्या वेळी नमाजला गेली होती."

वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण मी पुढचं वाक्य बोलले नाही, आणि साहेबांना जो अर्थ घ्यायचा तो त्यांनी घेतला : जायच्या घाईत न बघता शिक्के मारले. शमीमनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग खाली बघितलं. तिला नोटीस मिळाली, सात मिनिटं बंद झाली. त्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीतच नमाज पढायची, दहा मिनिटांत भाकरी गिळून. पुढच्या वर्षी मी इन्चार्ज झाले. आणि शमीमनं शिक्क्याला काळा दोरा बांधला. टेबल सोडून कुठंही जायचं झालं की शिक्का गळ्यात. पोरी चिडवायच्या, "शमीमआपाचा ताईत!" ती हसायची. मीही हसले आहे.

तिनं त्याबद्दल मला कधी विचारलं नाही. डबा पूर्वीसारखाच मधे ठेवायची. आणि दर वर्षी शबे-बारातीच्या आधी पुढे येऊन उभी राहायची, "मंगल, कहासुना माफ कर." मी म्हणायचे, "जा, माफ. तो खोका उचल आधी." ती लगेच जायची नाही. जरा थांबायची... मग खोका उचलायची. आठ वर्षं ती तशी थांबली, आणि मी आठ वर्षं दुसरीकडे बघितलं.

यंदा तिला पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा फार पुढे गेला होता. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मी घरी गेले. रोजे धरता येत नाहीत याचंच तिला लागलं होतं. बरं होण्याची आशा नसलेल्यानं एकेका रोज्यामागे एका भुकेल्याला जेवू घालायचं असतं, ते तिची मुलगी नसरीन करत होती. नसरीन पाणी आणायला आत गेली तेव्हा शमीमनं माझा हात धरला. हातात काही उरलं नव्हतं. "मंगल, कहासुना माफ कर." मी म्हटलं, "आधी बरी हो, मग बघू." ती थांबली. मग म्हणाली, "तुला काय बोलायचंय का?"

मी म्हणाले, "नाही. तू आराम कर."

एवढं सोपं करून दिलं होतं तिनं. मला वाटलं, आजारी माणसाला कशाला जुनं काही... खरं म्हणजे असं काही वाटलं नव्हतं. मी घाबरले होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात सकाळी नसरीनचा फोन आला, "मावशी, अम्मी गेली." वाटेत मी दुकान उघडायला लावून एक हिरवी साडी घेतली. आमच्याकडे सवाष्ण गेली की मैत्रीण साडी घेऊन जाते, मला दुसरं काही सुचलं नाही. नसरीननं ती हातात घेतली आणि हळूच म्हणाली, "मावशी, कफन पांढरंच असतं. बिनशिवणीचं. सगळ्यांना सारखंच." बायकांनीच तिला अंघोळ घातली, पाच पांढऱ्या कापडांत गुंडाळलं, कापूर लावला. मला त्यांनी पायाशी बसू दिलं. त्यांच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत, पुरुष घेऊन जातात आणि वाटेत जनाज्याची नमाज होते, उभ्यानंच. जनाजा उचलायच्या आधी दारातून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "शमीमच्या बोलण्यानं कुणाचं मन दुखलं असेल तर आज माफ करा." बाहेरून माणसं म्हणाली, माफ केलं, माफ केलं. मी तोंडात पदर धरून बसले होते. माफी मागायची होती ती मी, आणि जिच्याकडे मागायची तिला घेऊन चालले होते.

तर लॉकर. पिशवी भरली आणि संध्याकाळी नसरीनकडे नेऊन दिली. शिक्का कंपनीचा, म्हणून तो मागं ठेवला होता, पण दोऱ्याची सगळी हकिकत तिला सांगितली. एका दमात, जशी इथं लिहिली तशी. तिनं जानमाज मांडीवर घेतली होती. मी म्हटलं, तू तरी माफ कर. ती म्हणाली, "ते माझ्याकडे नाही, मावशी. अम्मीचं होतं, अम्मी घेऊन गेली. तिच्यासाठी दुवा करा." मग चहा ठेवायला उठली. तिच्या आईसारखीच उठली, गुडघ्यावर हात देऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला लाइनवर नेहमीची उभ्या-उभ्याची मीटिंग होती. मी आदल्या दिवसाचं काम सांगितलं, आजचं सांगितलं. मग शिक्का हातात धरून म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी परत आलेल्या खोक्यावर हा शिक्का मी मारला होता. शमीमनं नाही. तिची सात मिनिटं माझ्यामुळे गेली. तेव्हाचे साहेब आता इथं नाहीत, ऑफिसात लेखी दिलं आहे. पण बोलले तुमच्यासमोर होते, म्हणून तुमच्यासमोर सांगते. नव्या पोरींना काही कळेना. त्या दिवशी टेबलापाशी उभ्या असलेल्यांपैकी चौघी उरल्या आहेत. त्यांतली सुनंदा माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, आम्हाला माहीत होतं. गाडी दारात होती त्या दिवशी तुमचा शिक्का वाळलेला, आणि शाई ओली होती तुमच्या बोटाला. आपांनीच आम्हाला बजावलं होतं, कुणी विषय काढायचा नाही. म्हणायच्या, ती येईल सांगायला."

मी मीटिंग संपवली. बझर झाला, लाइन सुरू झाली. शिक्का स्टोअरमध्ये जमा केला, पोच घेतली. दोरा तेवढा सोडवून घेतला आणि माझ्या शिक्क्याला बांधला.