चवीपुरती लाटी

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणाकडेही पापडाचं पीठ मळलं की पहिली लाटी शेजारच्या काकूंकडे जाते. त्या डोळे मिटून चावतात आणि म्हणतात, "मीठ कमी आहे वं." मग कोणी वाद घालत नाही.

बीपी वाढल्यापासून त्यांच्या ताटात बिनमिठाचं वरण असतं. "मी तं मीठ सोडलं," असं त्या डॉक्टरलाही ठासून सांगतात. लाट्या मात्र घरोघरच्या चालूच. हल्ली चावताना त्या एका हातानं कपाळ दाबून धरतात. मला ते बघवत नाही, म्हणून यंदा मी पीठ गुपचूप मळलं.

दुपारी काकू धापा टाकत दारात आल्या. "काहून वं, मी मेली का?"

मी लाटी दिली. त्यांनी कपाळ धरलं, डोळे मिटले.

"मीठ कमी आहे."