वाजवून घेतलेलं नाणं

नाण्यांच्या प्रदर्शनात शेजारच्या काकूंनी मखमली डबीतला प्रूफ नाण्यांचा, म्हणजे टांकसाळीने खास संग्राहकांसाठी पाडलेल्या चकचकीत नाण्यांचा, संच विकायला काढला. व्यापाऱ्याने भिंग लावलं. "दहा रुपयांच्या नाण्याची कड चेपलीय. संचाचा भाव निम्मा."

"चेपणारच," काकू म्हणाल्या. "घेतलं तेव्हा फरशीवर वाजवून बघितलं होतं. खोटं निघालं असतं तर?"

व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. मी डबीत डोकावले. बाकीची नाणी आरशासारखी लखलखत होती. ती कुणाच्या खिशात गेली नाहीत, त्यांनी कधी कोथिंबिरीची जुडीसुद्धा आणली नाही. असल्या बिनकामाच्या सोवळ्यालाच जगात भाव, याचा मला उगाच राग आला.

काकूंनी मात्र चेपलेलं नाणं उचलून पर्समध्ये टाकलं. "बाकीची घ्या तुम्ही. मला खात्री या एकाचीच आहे."