खांबाशी अडलेली वरात

फुल्व्हियो झानारिनीच्या दाराबाहेर कुणी गोड आवाजात "आहेस का रे घरात?" म्हटलं की तो आतूनच ओरडतो, "गाडी मिळणार नाही!" मग चडफडत दार उघडतो, आणि बहुतेक वेळा गाडी मिळते.

गाडी त्याची नाहीच. बोलोन्या शहराच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. वाटेवाटेवर कॅमेरे नंबरप्लेट वाचतात. काही गल्ल्यांच्या तोंडाशी लोखंडी खांब असतो आणि परवानगी असलेली नंबरप्लेट दिसली तरच तो जमिनीत जातो. फुल्व्हियोच्या जुन्या डिझेल गाडीची परवानगी संपली तेव्हा त्याने ती शिव्या घालत विकली आणि एका कंपनीच्या सामायिक गाड्यांचा सभासद झाला. रस्त्यात उभी असेल ती गाडी मोबाइलने उघडायची, काम झालं की आखलेल्या चौकोनात सोडायची. या गाड्यांना आत मुभा आहे. आमच्या इमारतीत असा सभासद तो एकटाच. बाकीच्यांना मोबाइलची कटकट नको, फुल्व्हियो बरा.

तिसऱ्या मजल्यावरच्या आर्जियाबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असतं आणि वाटेत पाव घ्यायचा असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वास्तुरचनाकाराने एकदा कपाट न्यायला सांगितलं होतं. "मी टॅक्सीवाला नाही, सभासद आहे," हे वाक्य फुल्व्हियो आठवड्यातून दोनतीनदा तरी म्हणतो. ते कुणी ऐकत नाही.

निवृत्त होईपर्यंत तो शहराची बस चालवायचा. नियम त्याच्या अंगात आहे. निघण्याआधी गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढतो. आत खायचं नाही, दार आपटायचं नाही.

मे महिन्यात त्याच्या पुतणीचं, नोएमीचं लग्न होतं. तिचे वडील, म्हणजे फुल्व्हियोचा भाऊ, हयात नाहीत. लग्न नगरपालिकेच्या दालनात, आणि नवरीकडून साक्षीदार म्हणून सही करणार होता फुल्व्हियो. तिथे शनिवारी एकामागून एक जोडपी असतात. ज्याची पाळी चुकली त्याला नवी तारीख. नोएमीचा एर्मेस जहाजावर इलेक्ट्रिशियन, सोमवारी आन्कोना बंदरातून निघणार होता तो थेट हिवाळ्यात परतायला. त्यामुळे चुकून चालणारच नव्हतं.

सकाळी मिळालेल्या गाडीत आधीच्या सभासदाच्या कुत्र्याचे केस होते. फुल्व्हियोने सीट ब्रशने झाडली, घरून चादर आणून अंथरली. नवरीची आई इव्हाना पांढऱ्या जाळीच्या फिती घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला, "दाराच्या मुठींना बांध. चिकटपट्टी लावायची नाही. काचेवर काही नको."

"लग्न आहे, फुल्व्हियो. अंत्ययात्रा नाही."

"गाडी कंपनीची आहे."

नोएमी मागे बसली. तो स्टिअरिंगवर बसला, आरसे नीट केले. "एक मिनिट," म्हणत इव्हाना पुढे गेली, बॉनेटवर वाकली, काहीतरी करून परत आली. बॉनेटवर कोबीच्या गड्ड्याएवढा पांढऱ्या फितीचा बो बसला होता.

"हे काय?"

"चिकटपट्टी नाही लावली. चल आता."

गल्लीच्या तोंडाशी खांब होता. तो खाली गेला नाही. फुल्व्हियो थोडा मागे आला, पुन्हा पुढे गेला. खांब तसाच. मागे धोब्याची व्हॅन येऊन थांबली, तिच्यामागे दोन स्कूटर. हॉर्न सुरू झाले.

त्याने हात बाहेर काढून खांबाशेजारच्या पेटीवरचं मदतीचं बटण दाबलं. आतून बाईचा आवाज आला, "नंबर सांगा."

त्याने मोबाइलवर बघून सांगितला.

"या गाडीला परवानगी आहे. या आत."

"कशी येऊ? खांब उभा आहे!"

"कॅमेऱ्याला नंबर दिसत नाहीये."

"त्याला काय दिसतंय मग?"

"काहीतरी पांढरं."

"नवरी आहे गाडीत! पांढरंच दिसणार!" फुल्व्हियो किंचाळला.

शेजारून सायकलवर जाणारी एक बाई म्हणाली, "पळ ग पोरी, देव अजून संधी देतोय." धोबी व्हॅनमधून उतरून खांबाला लाथ मारून आला. नगरपालिका, कंपनी, कॅमेऱ्याचा शोध लावणारा, सगळ्यांच्या आयांचा उद्धार झाला.

"काका," नोएमी मागून म्हणाली, "एर्मेसचा फोन आलाय. आमच्या आधीचे आत गेले."

फुल्व्हियो उतरून पुढे गेला. बोच्या दोन लांब शेपट्या बॉनेटवरून लोंबत नंबरप्लेटवर पसरल्या होत्या. त्याने ओढल्या. निघेनात.

"इव्हाना! कशाने बांधलंयस हे?"

"तारेने. तूच म्हणालास चिकटपट्टी नको."

"कात्री?"

"लग्नाला कोण कात्री नेतं?"

मग इव्हाना उंच टाचा आणि हॅटसकट उतरली आणि गाडीपुढे एका बाजूला उभी राहून तिने दोन्ही शेपट्या हातांनी उचलून धरल्या. खांब निमूटपणे जमिनीत गेला. धोब्याने टाळ्या वाजवल्या. तिने शेपट्या वायपरखाली खोचल्या, आत बसली आणि दार आपटलं. फुल्व्हियोने गाडी पुढे काढली.

चौकात नगरपालिकेसमोर गाडी उभी करायला परवानगी नाही. गाडी सोडायचा चौकोन दोन गल्ल्या पलीकडे, आणि तिथून चालत यायला वेळ नव्हता.

"तू गाडीत बस," तो इव्हानाला म्हणाला. "मी नोएमीला घेऊन वर जातो."

"मी? मी तिची आई आहे!"

"कायद्याला साक्षीदार लागतो. आई लागत नाही."

नोएमी झगा गोळा करत उतरली आणि वाकून खिडकीतून म्हणाली, "काका, आई वर आली नाही तर मीही येणार नाही. मग कर सही एकट्याने."

फुल्व्हियोने तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, चौकात लावलेल्या बंदीच्या पाटीकडे पाहिलं. मग धोक्याचे दिवे लावले, गाडी तिथेच सोडली आणि दोघींच्या मागून जिना चढला.

अधिकारी त्यांच्या नावाचा पुकारा दुसऱ्यांदा करत होता. कलमं वाचून झाली, अंगठ्या झाल्या. इव्हाना पहिल्या रांगेत हॅट सावरत रडली. फुल्व्हियोने धापा टाकत सही केली आणि फोटोला न थांबता खाली पळाला.

गाडीशी पोलीस उभा होता. दगडी रस्त्याच्या हादऱ्यांनी शेपट्या वायपरखालून सुटून पुन्हा प्लेटवर आल्या होत्या.

"गाडी तुमची?"

"माझी नाही. चालवत मी होतो."

"इथे उभी केल्याचा दंड एक," पोलीस लिहीत म्हणाला, "आणि नंबरप्लेट झाकल्याचा दुसरा. झाकली कुणी?"

जिन्यावरून मुठीत उधळायचे तांदूळ घेऊन इव्हाना उतरत होती. नवराबायको अजून बाहेर यायचे होते.

"ती बघा, आली," फुल्व्हियो म्हणाला. "तिलाच विचारा. आणि माझ्यासमोर विचारा."