चक्की बंद, गोष्ट सुरू

अख्ख्या दारव्हा तालुक्यात माझ्या आईइतक्या मोठ्या आवाजात गोष्ट वाचणारं दुसरं माणूस झालेलं नाही. आणि हे मी अभिमानानं सांगतेय की तक्रारीनं, ते मलाही नक्की ठाऊक नाही. घराच्या पुढच्या खोलीत आमची पिठाची चक्की होती. बाबा यवतमाळच्या फेऱ्या मारणारी जीप चालवायचे, चक्की आई सांभाळायची. दिवसभर त्या घरघरीवर ओरडून गिऱ्हाइकांशी बोलता बोलता तिचा आवाज एकदा वर चढला, तो खाली उतरलाच नाही. लाइन गेली की चक्की थांबायची, आणि लाइन तेव्हा रोजच जायची. मग आई पिठाच्या हातानंच पुस्तक उघडायची, मला आणि धाकट्या भावाला समोर बसवायची आणि चक्की चालूच आहे अशा थाटात वाचू लागायची. राजकन्येनं प्रधानाच्या कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या पंक्चरवाल्यालाही कळायचं.

वाचताना ती पात्रांशी भांडायची. राजा शिकारीला निघाला की पुस्तक मांडीवर पालथं घालून म्हणायची, "याले दुसरा कामधंदा नाही काय? घरी लेकरू तापानं फणफणून राह्यलं, अन् हा चालला जंगलात." लेकराचा ताप पुस्तकात कुठंच नसायचा. परदेशातला घोडाही तिच्याकडे आमच्या गुरांसारखं कुटारच खायचा. पुस्तकं जुनी, शेवटची पानं बहुधा गायब. मग शेवट आई स्वतः करायची आणि त्यात सगळे पोटभर जेवून झोपायचे. डबे घेऊन खोळंबलेल्या बायाही ऐकत बसायच्या. एकदा ऐन मोक्याला लाइन आली आणि आई उठली, तर एक म्हातारी म्हणाली, "बस वं बाई. दळण कुठी पळून चाललं? त्या पोरीले आधी विहिरीतून काढ." आईनं चक्की बंदच ठेवली आणि पोरीला वर काढलं.

धाकटा तिसरीत असताना शाळेतून निरोप आला की पोरगा मंद आहे, त्याला काही समजत नाही. बाबांनी मान खाली घातली. आईला ते पटेना. "माह्या गोष्टीत तर बरोबर जागेवर हासते थो. मंद कायचा?" त्याच आठवड्यात एका दुपारी पीठ फार उडालं होतं, म्हणून तोंडावर पदर गुंडाळूनच ती वाचत होती. गमतीची जागा आली, मी हसले. धाकटा नुसताच बघत राहिला. आईनं पदर खाली ओढून तेच वाक्य पुन्हा वाचलं, आणि तो खळखळून हसला. तिनं पुन्हा तोंड झाकून पुढचं वाचलं. तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. आईनं पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी चक्कीला कुलूप घालून आम्ही बाबांच्या जीपमधून यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी कान तपासले. त्याला फार कमी ऐकू येत होतं. आईचा मोठा आवाज आणि तिचे हलणारे ओठ यांवर त्यानं आजवर निभावलं होतं. "घरी कसं लक्षात आलं नाही?" डॉक्टरांनी सहज विचारलं. परतीच्या वाटेवर आई बाबांना म्हणाली, "माह्या आवाजानंच लपवलं न जी."

"तुह्या आवाजानंच तो बोलाले शिकला," बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले. "रडू नको."

कानाची मशीन लागल्यावर धाकट्यानं घर डोक्यावर घेतलं. "आई, हे काय वाजून राह्यलं?" "चिमणी होय, बाप्पा." "अन् हे?" "हे तुह्या बापाचं घोरणं." आई हातातलं काम टाकून त्याला एकेक आवाजाची ओळख करून द्यायची.

आता तो नागपूरला नोकरी करतो. चक्की आम्ही विकली. इतक्या वर्षांच्या पिठानं आईची छाती धरली आहे. चार वाक्यं बोलली तरी तिला दम लागतो. यंदाच्या दिवाळीत नातीला मांडीवर घेऊन ती गोष्ट वाचत होती. राजा शिकारीला निघाला, तरी ती त्याला काही बोलली नाही. आवाज इतका बारीक की शेजारी बसून मलाही तुटक तुटक कळत होतं. धाकट्यानं मशीनचा आवाज वाढवला. मग तो पुढे सरकला, आणखी सरकला, आणि शेवटी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"ऐकू येते न रे?" आईनं विचारलं.

"येते न," तो म्हणाला, आणि तिच्या ओठांवरची नजर त्यानं हलू दिली नाही.