मुठीतली पेंढी

मालकीणबाईंनी माझा रबरी हात हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि भर स्टेजवर हसत म्हणाल्या, "हात तरी गोरा मिळाला गं तुला!"

समोरची माणसं हसली. आमच्या तालुक्याचं, वाशीचं मंगल कार्यालय गच्च भरलेलं. मागच्या रांगांत नव्या हातापायांची वाट बघणारे लोक मांडीवर कुबड्या घेऊन बसलेले. तेही हसले. मीही हसले असणार. अशा वेळी तोंड आपोआप हसतं. आमच्या वस्तीला ती सवय पिढ्यांची आहे.

हात खरंच गोरा होता. आत काळं यंत्र आणि वरून चढवलेला रबरी मोजा. गुलाबी नखं. मनगटावर निळसर शिरासुद्धा काढलेल्या. माझा दुसरा हात तव्याच्या बुडासारखा काळा. मालकीणबाई तो गोरा हात सोडेनात, गोंजारतच राहिल्या. तेव्हा मला आठवलं, या बाईनं माझा खरा हात कधीच धरला नव्हता. त्यांच्या गोठ्यात इतकी वर्षं राबले. भाकरी वरून पदरात टाकायच्या. पाणी वरून ओंजळीत ओतायच्या. त्यांचा हात माझ्या हाताला लागला तो आज, आणि हा हात तर माझा नव्हता.

माझा हात त्यांच्याच गोठ्यात गेला.

मालकांना सगळा गाव आण्णा म्हणतो. म्हशींचा मोठा गोठा आहे. माझं काम कडबा कुट्टीच्या मशीनवर. एका बाजूनं कडब्याची पेंढी सरकवायची. दोन दातेरी रूळ ती आत ओढतात, पुढं पातं फिरतं, बारीक चारा बाहेर पडतो. रुळांवर लोखंडी झाकण असतं, हात आत जाऊ नये म्हणून. पण झाकणाला पेंढी अडकायची, काम हळू व्हायचं. एक दिवस आण्णांनी स्वतः पाना घेतला, बोल्ट खोलले, झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलं.

"आता बघ कशी झरझर हुती कुट्टी," म्हणाले. झाली झरझर.

त्या दिवशी कडबा ओला होता. रूळ अडले. मी पेंढी घट्ट धरून मागं ओढत होते, आणि रूळ एकदम सुटले. मूठ सोडायला सवडच मिळाली नाही. पेंढी गेली, पेंढीबरोबर मूठ गेली. मी ओरडले का, ते आठवत नाही. म्हशी ओरडत होत्या, ते आठवतं.

दवाखान्यात खाटेशेजारी एक पोलीस जबाब लिहून घ्यायला आला. औषधानं माझी जीभ जड झालेली. डोळे मिटलेले. कान मात्र उघडे. जबाब माझा, आणि बोलत होते आण्णा.

"झाकण हुतं की सायेब. हिनंच काढलं. काम उरकून घरला पळायची घाई. लई सांगितलं, ऐकत न्हायत ह्या बाया."

मी 'न्हाय' म्हणायला तोंड हलवलं. आवाज फुटला नाही. नवरा माझ्या कानाशी वाकला. "गप ऱ्हा," म्हणाला. तो आण्णांचाच ट्रॅक्टर चालवायचा. आमचं हातावरचं पोट, आणि आता घरात कमावते हात तीनच उरले होते.

गावभर तेच झालं. हिनंच झाकण काढलं. सासू तेच म्हणायची. नळावरच्या बाया तेच म्हणायच्या. माझी पोरगी शाळेतून आली की विचारायची, "आये, तू का काढलं गं झाकण?" मी तिच्यावर खेकसायचे आणि मग चुलीपुढं तोंड फिरवून बसायचे.

हात गेला, मूठ गेली नाही. हे सांगून कुणाला पटत नाही. कोपराखाली वीतभर थोटा उरला. त्याच्यापुढं, जिथं काहीच नाही, तिथं मूठ. करकचून आवळलेली. आत ती ओली पेंढी. कडब्याची धसकटं तळव्यात रुतायची, नखं मांसात घुसायची. डावा हात फिरवून बघायचे, तर नुसती हवा. बाजारात भाजी घेताना आवळायची. पोरीची वेणी घालायला बसले की आवळायची. आम्ही बुद्धाची माणसं, अंगात-बिंगात मानत नाही. तरी सासू एकदा दबक्या आवाजात म्हणालीच, "बाहिरचं काय तरी लागलंय हिला." मला सांगावंसं वाटलं, बाहेरचं नाही आत्याबाई, माझंच आहे. माझ्याच हाताचं भूत आहे.

मग पुण्याची इंजिनिअरिंगची मुलं शिबिर घेऊन तालुक्याला आली, सोबत एक मॅडम. त्यांनी नव्या तऱ्हेचा हात केला होता. प्लास्टिकचा धागा वितळवून, थरावर थर चढवून यंत्रावर छापलेला. आत बारक्या मोटारी. थोट्याच्या कातडीला टेकणारी दोन बटणं. हात उघडायचं मनात आणलं की थोट्यातला स्नायू हलतो, बटणाला कळतं, बोटं उघडतात. मॅडम म्हणाल्या, "ताई, नसलेला हात उघडायचा विचार करा."

तेच तर जमत नव्हतं. माझा नसलेला हात कधीचा बंद होता. यंत्राची बोटं मिटायची, ती मिटलेलीच राहायची.

मॅडमनी टेबलावर आरसा उभा केला. थोटा आरशामागं, डावा हात पुढं. म्हणाल्या, "फक्त आरशात बघा. मूठ वळा. आता हळूहळू सोडा."

एक पुढं, एक आरशात, असे मला दोन हात दिसले. उजवा माझाच. काळा, बांगड्यांसकट. मेलेलं माणूस दारात येऊन उभं राहावं तसं झालं. मी डावी मूठ सोडली, आरशात उजवी सुटली आणि आरशामागं, जिथं काही नाही तिथं, बोटं सुटायला लागली. एकेक. पेंढी निसटली. नाकात ओल्या कडब्याचा वास भरला. मी हंबरडा फोडला. मॅडमनी माझा थोटा दोन्ही हातांत धरून ठेवला. त्याला तसा कुणीच कधी हात लावला नव्हता.

मग मी शिकले. बोटं उघडायला, मिटायला. तांब्या धरायला. पुन्हा स्वतःच्या हातानं निऱ्या घातल्या तेव्हा आरशापुढून हलावंसं वाटेना. हा हात मला हवा होता. जीव टाकून हवा होता.

हात वाटायच्या कार्यक्रमाच्या दिवशी बॅनर दिसला. त्यावर आण्णांचा फोटो. शिबिराचे दाते तेच. दारातच एका कार्यकर्त्यानं मला बाजूला घेतलं. "हात अजून तुझ्या नावावर न्हाय. कुणाला द्यायचा ते आण्णा ठरवत्याल. पेला धरून दाखव, दोन शब्द बोल, मग दोनी हात जोडून आण्णांला नमस्कार कर. चुकू नको."

मी पेला धरून दाखवला. टाळ्या झाल्या. मालकीणबाईंचं ते गोऱ्या हाताचं बोलून झालं. मग आण्णा माईकसमोर आले.

"बाईच्या चुकीनं हात गेला," म्हणाले, "पर आपून माणुसकी सोडली न्हाय."

पुन्हा टाळ्या. सूत्रसंचालकानं माईक माझ्या नव्या हातात दिला. "बघा मंडळी, ताई माईकसुद्धा धरतात! बोला ताई."

बोटं माईकवर मिटली. आतली मूठही मिटली. दोन्ही एकदम.

"झाकण म्या काढलं न्हाय," मी म्हणाले. माझाच आवाज भिंतीवरून माझ्याकडं परत आला. "आण्णा, तुमी काढलं. तुमच्या हातानं बोल्ट खोललं. ते झाकण आजबी गोठ्यात भिंतीला गंजत पडलंय. आन् आता त्याच मशीनवर आमच्या वस्तीतली शांताबाई बसती."

सूत्रसंचालक माईक ओढायला लागला. बोटं सुटेनात. आण्णा दातओठ खात इंजिनिअरिंगच्या पोरांवर ओरडले, "मशीन बिघडलं काय रं?"

"मशीन चांगलं हाय," मी म्हणाले. "म्याच उघडत न्हाय."

कुणीतरी वायर उपटली. त्यानं काय होतंय! रानात राबलेल्या बाईचा आवाज आहे, शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. तीच वाक्यं मी पुन्हा म्हणाले. मग बोटं उघडली आणि माईक टेबलावर ठेवला. गोरा मोजा दातांनी ओढून काढला, मालकीणबाईंच्या मांडीवर ठेवला आणि स्टेजवरून उतरले. नमस्कार केला नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता हात न्यायला आला. मॅडमचा फोन आला होता, त्या म्हणत होत्या देऊ नका, मी भांडते. पण तो दारात उभा राहून म्हणाला, "ये, आण्णांच्या पाया पड, मग ठिव." मी हात काढून त्याच्या पिशवीत टाकला. नवऱ्याला ट्रॅक्टरवरून काढलं. तो ढोकीला कारखान्यावर ऊसवाहतुकीचं काम बघायला गेलाय. निऱ्या पुन्हा पोरगी घालते. झाकणाचं मात्र आता विचारत नाही.

आणि मूठ परत आली आहे. हे लिहून घ्यायला पोरीला सांगतेय, तेव्हाही आवळलेली आहे. धसकटं रुततात. घरात भिंतीला आरसा आहे. त्याच्यापुढं बसले तर आत्ता सुटेल. कशी सोडायची ते मला येतं.

सोडत नाही. सोमवारी वाशीच्या ठाण्यात जाते. दवाखान्यात मी आडवी होते आणि माझा जबाब दुसऱ्यानं दिला. आता उभी राहून मीच देणार. तिथं घेतला नाही तर धाराशिवला पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडं जाईन. तिथून गोठ्यावर येईन आणि शांताबाईशेजारी उभी राहीन. हाकलतील, पुन्हा जाईन. ते झाकण बोल्टांनी आवळून बसलेलं या डोळ्यांनी बघेन. मगच आरशापुढं बसेन.