काळे पडलेले तोडे

भागुबाई धनगरणीच्या अंगाला कायम गंधकाचा वास यायचा. निजामी अमलात पाथरीकडच्या तिच्या खेड्याला दवाखाना नव्हता. मेंढ्यांच्या खरजेवर ती गंधक वाटून करंजीच्या तेलात खलायची. पुढं तेच मलम माणसांनाही देऊ लागली. गंधक पाण्यात विरघळत नाही, म्हणून तेल. तीन दिवस लावा, अंगावरची लुगडी-धोतरं उकळा, असं ती बजावायची. चांदी काढून ठेवा, हे मात्र तिनं कधी सांगितलं नाही. तिच्याकडे येणाऱ्यांच्या अंगावर चांदी नसायचीच.

तानुबाई पाटलिणीची नवी सून नर्मदा खरजेवर मलम घ्यायला आली, तेव्हा तिच्या पायांत माहेरचे तोडे होते. तीन दिवसांत खाज थांबली, पण तोडे तव्यासारखे काळे पडले.

"लोखंडाला मुलामा देऊन पाठवलंय बापानं," तानुबाई मुलाला म्हणाली. "मुंजाजी, गाडी जुंप. माहेरी सोडून ये हिला."

भागुबाईच्या कानावर हे आलं. तिलाही अशीच एक गाडी भावाच्या दारात सोडून गेली होती. तेव्हापासून वीस वर्षं ती भावाची मेंढरं राखत होती.

मलमाची वाटी घेऊन ती पाटलाच्या ओट्याखाली उभी राहिली.

"पाटलीणबाई, तोडे खरे हायत. गंधक लागला की चांदी काळी पडती. सांगायचं माझ्याकडूनच राहिलं."

"मेंढरं हाकणारी तू. तुला लय चांदीची पारख!"

"मला कुठली? तुमच्या हातातला चांदीचा गोट टाका की वाटीत. त्यो तर खरा हाय ना?"

जमलेल्या शेजारणींत कुणीतरी फिसकन हसलं. तानुबाईनं मनगटातला गोट उपसून वाटीत टाकला.

"माझ्या बापानं घातलेला हाय. जल्मात काळा पडायचा न्हाई."

वाटी उन्हात राहिली. गाडीत नर्मदा गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. दुपार कलेपर्यंत गोट आधी पिवळसर, मग तांबूस, मग काळा झाला.

शेजारणी एकेक करून उठून गेल्या. तानुबाईनं गोट पदरानं पुसला. पुन्हा पुसला.

"मुंजाजी, बैल सोड."

मग ती राख आणि चिंच घेऊन बसली. गोट लखलखीत झाल्यावर तिनं सुनेचे तोडे पुढ्यात ओढले. भागुबाईकडे तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर मलम देताना भागुबाई प्रत्येकाला, अगदी उघड्यानागड्या पोरालासुद्धा विचारायची, "अंगावर चांदी हाय का?"

लोक हसायचे. ती हसायची नाही.