विटेवाले काका

काहीही विकत न घेता दुकानातून तृप्त मनानं परत येणं ही जर कला असेल, तर आमच्या घरमालक काकांएवढा मोठा कलावंत नागपुरात झाला नसेल. मी उमरेडजवळच्या एका गावातली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे शहरातली माणसं सगळीच अशी असतात की हे काकाच असे आहेत, हे कळायला मला बराच काळ लागला. काकाच तसे होते. टोमॅटो आणायला गेले, की ठेल्यावरच्या एकेका टोमॅटोची विचारपूस करून रिकामी थैली हलवत परत यायचे. नवा कूलर निवडता निवडता त्यांनी एकदा अख्खा उन्हाळा घालवला, आणि पहिला ढग दिसल्यावर समाधानानं म्हणाले, “पाह्य, गरजच नाही पडली!”

त्यांच्या घराचं आणखी एक नवल होतं. महाल भागातली भाड्याची खोली सोडून त्यांनी हे घर स्वतः बांधलं, पण त्याच्या एकाही भिंतीत खिळा नव्हता. घड्याळ स्टुलावर, कॅलेंडर फ्रिजला चिकटवलेलं, आणि आरसा चक्क खुर्चीवर बसलेला. केस विंचरायचे, तर आपणही त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं. मी राहायला आले तेव्हा भीतभीत विचारलं होतं, “काका, ओढणी टांगायला एखादी खुंटी...?” काका म्हणाले, “दार आहे न वं!” तेव्हापासून माझी ओढणी दारावर.

मग दिवाळीनंतर काकू न्हाणीघरात घसरल्या. पडताना त्यांनी आधारासाठी हात लांब केला, पण गुळगुळीत टाइलांवर धरायला काहीच नव्हतं. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्या वर्ध्याला लेकीकडे गेल्या. न्हाणीघरात धरायला दांडा लावा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्टीलचा दांडा आला, पण तो बसवायला भिंतीला भोकं पाडायची होती.

“प्लंबरले बोलवा न,” काकू फोनवर म्हणाल्या.

“आपल्या भिंतीले परका माणूस भोक पाडंन? मीच पाडतो. फक्त मशीन चांगली पाह्यजे.”

“मंग पाहा तुम्ही मशीन. पण दांडा लागल्याशिवाय मी काही येत नाही, सांगून ठेवते.”

काकांचं मशीन पाहणं सुरू झालं. त्यासाठी ते रिकाम्या हातानं जात नसत. घर बांधताना उरलेली एक वीट त्यांनी जपून ठेवली होती. तिला घरच्यासारखंच प्लास्टर करून वर न्हाणीघरातली उरलेली टाइल चिकटवली, आणि ती टॉवेलात गुंडाळून थैलीत घातली. मशीननं आधी विटेची परीक्षा द्यायची, मगच घराच्या उंबऱ्याच्या आत यायचं. सोबतीला मला घेतलं. मेट्रोच्या तपासणीत पहारेकऱ्यानं थैली अडवली.

“काका, ये क्या है?”

“वीट.”

“वीट किसलिए?”

“मशीन पसंत करायले,” काका म्हणाले. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

सीताबर्डीच्या दुकानात काका मला पुढे करायचे. “ही पोट्टी सायन्स शिकते, हिले समजावून सांगा.” माझा विषय वनस्पतिशास्त्र. तरी मी मन लावून ऐकलं. इम्पॅक्ट ड्रिल नुसतं फिरत नाही, फिरता फिरता आतून ठोकेही देतं. टाइलवर ठोका बंद ठेवायचा, नाहीतर टाइल तडकते. टाइल पार झाली, की विटेसाठी ठोका सुरू करायचा. काका मात्र भलतंच ऐकत असत. एक मशीन जड निघालं. एक एवढं हलकं, की “याच्यात दमच नाही.” एकाचा आवाज रागीट. आणि एक तर सगळ्याच बाबतीत चांगलं होतं, म्हणून काकांना संशय आला. काही आठवड्यांत विटेची चाळणी झाली. आम्ही दिसलो, की दुकानदार आतूनच ओरडायचा, “आ गए विटेवाले काका! अब तो ले लो, विटेत जागा कुठं राहिली?”

घरी मात्र काकांचा चेहरा उतरत चालला होता. दोन कप चहा टाकायचे आणि दुसरा माझ्या दारासमोर धरून म्हणायचे, “सवयीनं टाकला गेला.” एका संध्याकाळी काकूंशी फोन सुरू असताना मी धीर करून विचारलं, “काका, मशीन सापडत नाही, की भोकच पाडायचं नाही?”

काकांनी शेजारच्या भिंतीवर हात ठेवला. मग माझ्याशी की फोनशी, कोण जाणे, बोलू लागले. “बांधकाम चालू होतं तवा मे महिना होता. नळाले पाणी नाही. हिनं दुरून पाण्याचे हंडे-गुंड भरून आणले, सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारलं. एक दिवस चुकली नाही. त्या भिंतीत मी मशीन घुसवू?”

फोनमधून काकूंचा आवाज आला. “अहो, तिले मी पाणी पाजून मोठं केलं. आता तिनं मले धरायचं की नाही?”

दुसऱ्या दिवशी काकांनी वीट घरीच ठेवली. संशय आलेलं तेच मशीन ते घेऊन आले. टाइलवर चिकटपट्टी लावली, पेन्सिलनं खुणा केल्या. मी खाली पेपर धरून उभी. काकांनी डोळे मिटले. “काका, डोळे उघडा!” मी ओरडले. ठोका बंद ठेवून टाइल पार झाली, मग ठोका सुरू झाला आणि लाल भुकटी पेपरवर सांडू लागली. प्रत्येक भोकानंतर काका फडक्यानं भिंत पुसायचे आणि हळूच म्हणायचे, “झालं, झालं.” सुई टोचल्यावर लेकराला म्हणतात तसं. दांडा बसल्यावर ते दोन्ही हातांनी त्याला लोंबकळले. भिंत हलली नाही.

काकू परत आल्या. न्हाणीघरात दांडा धरला, की त्या त्याच्यावर बांगडी वाजवत. टण्ण. तो आवाज येईपर्यंत बाहेर काकांच्या पेपरचं पान उलटत नसे. विटेच्या भोकांत आता काकू उदबत्त्या खोचतात.

शेवटची परीक्षा झाली आणि मला पुढच्या शिक्षणासाठी अमरावतीला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी काका मशीन घेऊन माझ्या खोलीत आले. सोबत पितळी खुंटी होती, पहिल्याच दुकानात पसंत केलेली.

“काका, मी तर उद्या जाते आहे.”

“जाऊन राहिली तर जा न. येशील तवा ओढणी कुठं टांगशील?”

इथल्या माझ्या खोलीत भिंतीला पुष्कळ खिळे आहेत, आधी राहून गेलेल्या मुलींचे. मी मात्र ओढणी दारावरच टाकते. माझी खुंटी नागपूरला आहे.